साठीतला रणगाडा

आमच्या ठाण्याच्या बिऱ्हाडात माणसे दोनच. एक मी नि दुसरी आमची सौभाग्यवती. तरीदेखील दर रविवारी रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या खिडकीतून जी आरडाओरड बाहेर पडते, ती ऐकून नव्या माणसाला वाटावे की इथे एखादी लढाईच जुंपली आहे. "थांबा, थांबा! माझ्या पुढे कुणी जाऊ नका! त्या तिघांना माझ्या अंगावर येऊ देत!" परवा शेजारच्या काकूंनी सौ.ला जिन्यात गाठून हळूच विचारले, "यांची तब्येत बरी आहे ना हो?"

सौ. शांतपणे म्हणाली, "तब्येत उत्तम आहे. ते टँक आहेत."

काकू काय समजल्या ते त्यांनाच ठाऊक. मला विचाराल तर पहिल्या दिवशी मीही गच्चीवरची पाण्याची टाकीच समजलो होतो! आणि गंमत अशी की त्यात मी फारसा चुकलो नव्हतो. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी जे लोखंडी रणगाडे बनवले, त्यांचा सुगावा शत्रूला लागू नये म्हणून त्यांना 'टाक्या' असे फसवे नाव दिले, आणि १९१६ साली ते रणांगणावर उतरले तरी नाव तेच राहिले. कोशकार असेही सांगतात की इंग्रजीतल्या त्या शब्दाचे नाते आपल्या गुजराती-मराठी 'टाक्या'शी असावे. म्हणजे आपल्या गडावरचे टाके विलायतेला गेले, रणगाडा होऊन परतले, आणि आता उतारवयात माझ्या डोक्यावर येऊन बसले.

पण हे सारे सुरू कसे झाले ते आधी सांगतो.

२०२४ साली मी नोकरीतून निवृत्त झालो. सारी हयात हिशेबखात्यात गेली. निवृत्तीनंतर पहिला महिना वर्तमानपत्र वाचण्यात, दुसरा महिना तेच वर्तमानपत्र पुन्हा वाचण्यात, आणि तिसरा सौ.च्या स्वयंपाकघरात सूचना करण्यात गेला. तिसऱ्या महिन्याची हकीकत न सांगितलेली बरी. आमचे चिरंजीव म्युनिकला नोकरीस. दर रविवारी त्याचा फोन येई. "जेवलास का?" "हो." "थंडी आहे का?" "आहे." "बरं, आईला देतो." बापलेकांचे संभाषण यापलीकडे कधी जात नसे. तशी ती सवय जुनी होती, आणि तिला एक कारणही होते. ते पुढे येईलच.

त्या वर्षी गणपतीला तो आठ दिवस आला. जाण्याच्या आदल्या रात्री माझ्या टेबलावरच्या संगणकात काही तरी भरत बसला नि म्हणाला, "बाबा, रविवारी फोनवर बोलण्यापेक्षा आपण हे खेळू या."

तो खेळ म्हणजे 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. अमेरिकेतल्या ब्लिझार्ड कंपनीने २००४ च्या नोव्हेंबरात तो बाजारात आणला. एक अफाट काल्पनिक जग. त्यात डोंगर, नद्या, नगरे, राक्षस आणि ड्रॅगन. आणि देशोदेशीची माणसे आपापल्या घरी बसून त्या एकाच जगात एकाच वेळी हिंडतात. साप्ताहिकासारखी वर्गणी भरून खेळायचा खेळ हा. २०१० साली त्याचे वर्गणीदार एक कोटी वीस लाखांवर गेले होते. (साप्ताहिकांच्या संपादकांनी हा आकडा वाचून जीवाला त्रास करून घेऊ नये.)

खेळाचे नाव ऐकून मी क्षणभर गप्प झालो. चिरंजीवही गप्प होता. कारण त्या खेळाचे नाव आमच्या घरात पंधरा वर्षांत कुणी काढले नव्हते. शेवटी मीच म्हणालो, "बरं. पण मला काय काम देणार?"

"टँक," तो म्हणाला.

आता हे काम काय, ते थोडक्यात सांगतो. या जगात ठिकठिकाणी गुहा, किल्ले, तळघरे आहेत. त्यांत पाच जणांनी मिळून शिरायचे. पाचांपैकी तिघांचे काम शत्रूला झोडपणे. एकाचे काम जखमी साथीदारांना बरे करणे. त्याला मी वैद्यबुवा म्हणतो. आणि उरलेला एक तो टँक. अंगावर जाड चिलखत, हातात ढाल, सर्वांच्या पुढे. शत्रूला मारणे हे त्याचे मुख्य काम नव्हे. शत्रूने बाकी चौघांना सोडून आपल्यालाच मारावे, अशी व्यवस्था करणे हे त्याचे काम! मी म्हटले, वा! छत्तीस वर्षे कचेरीत दुसरे काय केले?

पण शत्रूने आपल्यालाच का मारावे? इथे मात्र माझ्यातला हिशेबनीस खडबडून जागा झाला. कारण या खेळातला प्रत्येक राक्षस खतावणी ठेवतो! पाचही जणांची स्वतंत्र खाती. तुम्ही त्याला जेवढे मारले तेवढी रक्कम तुमच्या खाती जमा. वैद्यबुवाने कुणाला बरे केले तर त्याच्या खाती निम्मी रक्कम, तीही हजर असलेल्या सगळ्या शत्रूंच्या वह्यांत विभागून. ज्याच्या खाती रक्कम सर्वांत मोठी, त्याच्यावर राक्षस धावणार. टँकच्या फटक्याला मात्र खास सवलत आहे. त्याची नोंद कित्येक पटींनी होते. शिवाय एकदा राक्षस टँकला भिडला की जवळच्या माणसाने दहा टक्के आणि दूरच्याने तीस टक्के जास्त रक्कम जमवल्याशिवाय तो तोंड फिरवत नाही. आणि तरीही फिरवलेच, तर टँकपाशी डिवचण्याची एक कळ असते. ती दाबली की तुमची रक्कम त्या खात्यावरच्या सर्वांत मोठ्या रकमेइतकी होते, आणि राक्षस तीन सेकंद मुकाट्याने तुमच्यावरच तुटून पडतो. हे ऐकल्यावर मी मनात म्हटले, हा खेळ पोरांचा नव्हे. हा लेखापरीक्षकांचा आहे!

तत्त्व समजले तरी हात कुठे वळतात? २०२४ च्या जानेवारीपासून या खेळात एक चांगली सोय झाली आहे. काही गुहांत संगणकच तुम्हाला चार साथीदार पुरवतो. ते बिचारे बोलत नाहीत, चिडत नाहीत, नि नवशिक्याला हसत नाहीत. त्यांच्यासह मी 'रुबी लाइफ पूल्स' नावाच्या ड्रॅगनांच्या सूतिकागृहात शिरलो. तिथे मेलिड्रुसा नावाची एक बर्फाळ जादूगारीण आहे. तिच्याशी लढता लढता भोवतालच्या अंड्यांतून पिल्ले बाहेर पडतात नि सैरावैरा धावत सुटतात. ती गोळा करून आपल्या अंगावर घ्यायची, ही टँकची जबाबदारी. मी पिल्ले शोधतो आहे तोवर वैद्यबुवा आडवा! मग तिघे आडवे! मग मी! माझ्या पडद्यावर बाण, आकडे, चौकोन, पट्ट्या नि चित्रे यांची अशी गर्दी की दादर स्टेशनवर संध्याकाळी सहाला उभा आहे असे वाटावे. ढालीची कळ खाली उजव्या कोपऱ्यात, माझा जीव किती उरला ते डाव्या कोपऱ्यात, आणि राक्षस मधोमध. मी माउस घेऊन कळ शोधायचो; कळ सापडेपर्यंत मी मेलेला असायचो.

अशा पाच-सहा अंत्ययात्रा झाल्या. सौ. मागे शेंगा सोलत बसली होती. ती म्हणाली, "अहो, मघापासून बघतेय. तुमची मोहरी माळ्यावर आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तेल तापलंय, आणि तुम्ही मोहरीसाठी शिडी लावताय. रोज लागतं ते हाताशी हवं. मिसळणाचा डबा शेगडीजवळ असतो; चकलीचा सोऱ्या असतो माळ्यावर. तुम्ही सगळंच एका ओळीत मांडलंय, आलं तसं."

वाचकहो, खेळाचा पडदा कसा लावावा यावर मी नंतर पुष्कळ वाचले. पण त्या वाक्याच्या पुढे कुणी गेल्याचे आढळले नाही.

२०२२ सालापासून या खेळात पडद्यावरच्या बहुतेक गोष्टी धरून हव्या तिथे नेता येतात. त्यापूर्वी त्यासाठी लोक निरनिराळ्या पुरवण्या बसवत. त्या पुरवण्या 'लुआ' नावाच्या संगणकभाषेत लिहिल्या जातात. ही भाषा १९९३ साली ब्राझीलमधल्या रिओच्या एका विद्यापीठात जन्मली, आणि पोर्तुगीजमध्ये तिच्या नावाचा अर्थ चंद्र! मी मात्र सौ.च्या देखरेखीखाली कुठलीही पुरवणी न घेता पडदा मांडायला बसलो. दोन दुपारी गेल्या.

पहिली गोष्ट, माझ्या जीवाची पट्टी कोपऱ्यातून काढून मधोमध, माझ्या योद्ध्याच्या पायाशी आणली. नजर जिथे असते तिथेच ती हवी. चौघा साथीदारांच्या पट्ट्या तिच्या डावीकडे आणल्या, म्हणजे कुणाला मार बसतो आहे ते मान न वळवता दिसावे. शत्रूंच्या डोक्यावरच्या नावाच्या पाट्या सुरू केल्या. किती जण आले नि कुठे आहेत ते त्यावरून मोजता येते. गप्पांची चौकट, नकाशा, पिशव्या हे सारे कडेला लोटले. "पाहुण्यांच्या ताटल्या," सौ. म्हणाली.

दुसरी गोष्ट, माउसने कळा दाबणे बंद. मूळ मांडणीत एकपासून सुरू होणाऱ्या बारा कळा एका ओळीत असतात. आता ज्याचा हात चालण्याच्या कळांवर आहे त्याने नऊ नि शून्यापर्यंत बोटे कशी न्यायची? १९८३ साली मी टंकलेखनाची परीक्षा दिली होती. न बघता बोट कुठे पोचते आणि कुठे पोचत नाही, हे मला त्या मास्तरांनी पट्टी मारून शिकवले होते. ते ज्ञान एक्केचाळीस वर्षांनी कामास आले. ढालीचा तडाखा एकवर, जमीन हादरवून भोवतालच्या सगळ्यांना एकदम फटका देणारी कळ दोनवर, ढाल पुढे धरण्याची तीनवर. डिवचण्याची कळ तर्जनीखाली. डावीउजवीकडे वळण्याच्या कळा काढून टाकून त्या जागी बाजूला सरकण्याच्या कळा घातल्या, आणि वळण्याचे काम माउसवर सोपवले. कारण टँकने शत्रूला पाठ दाखवायची नसते, हे नुसते शौर्याचे वचन नव्हे. ढाल नि तलवार समोरून आलेला घावच अडवतात. मागून आलेला सगळाच्या सगळा अंगावर बसतो. म्हणून तोंड शत्रूकडे ठेवूनच बाजूबाजूने सरकायचे. आणि मोठा राक्षस असेल तर त्याचे तोंड आपल्या माणसांपासून दूर फिरवून धरायचे, म्हणजे त्याचा आगीचा फूत्कार एकट्या आपल्यावर येतो.

तिसरी गोष्ट अडचणीच्या वेळच्या कळांची. 'ढालीची भिंत' नावाची एक कळ आहे. ती दाबली की काही सेकंद मार फारच कमी लागतो. मात्र एकदा वापरली की मिनिटे लोटेपर्यंत पुन्हा मिळत नाही. मी ती मुदतठेवीसारखी जपत असे. आणखी वाईट वेळ येईल तेव्हा वापरू! परिणामी मी दर वेळी ठेव न मोडताच मरत असे. शेवटी चिरंजीव म्हणाला, "बाबा, वाईट वेळ हीच. पुढची वेळ यायला तुम्ही जिवंत राहायला हवे ना!" मध्यमवर्गीय माणसाला हे पटायला किती जड जाते म्हणून सांगू! पण त्या कळेला मी अंगठ्याजवळची जागा दिली, नि दर लढाईत एकदा तरी ती दाबायचीच असा नेम केला.

आणि हो, या योद्ध्याच्या कळा कशावर चालतात ठाऊक आहे? रागावर! मारले की राग साठतो, मार खाल्ला की साठतो, नि तो राग खर्चून ढाल उचलायची. राग आला की तो ढालीवर घालवावा, हे शहाणपण मला साठीत एका खेळाने शिकवले. ते पंधरा वर्षे आधी मिळते तर बरे झाले असते.

दिवाळीनंतर आम्ही खऱ्या माणसांबरोबर उतरलो. चिरंजीव, त्याचे दोन मित्र (एक पोलंडचा, एक स्पेनचा), कुणी तरी एक अनोळखी, आणि सर्वांपुढे मी. चिरंजीव पूर्वी स्वतः टँक होता. माझ्यासाठी तो वैद्यबुवा झाला. मला वाटले, हा पोरगा माझी काळजी घेतोय. आपण त्याला फार काम पडू देऊ नये. म्हणून मी जखमा झाल्या की मागे पळायचो. त्याबरोबर राक्षसही माझ्यामागे पळायचे नि सगळ्यांच्या अंगावर जायचे! तो कानात ओरडला, "बाबा, पळू नका! उभे राहा! मी आहे ना!"

ते "मी आहे ना" ऐकून माझी कळ चुकली. हे वाक्य आजवर आमच्या घरात मी म्हणत असे.

हळूहळू जमू लागले. पुढच्या टोळीवर जाण्यापूर्वी वैद्यबुवाची निळी पट्टी पाहावी. ती रिकामी असेल तर तो बसून पाणी पितो, तोवर थांबावे. दुरून बाण मारणारे पुढे येत नसतील, तर कोपऱ्याआड व्हावे. तुम्ही दिसेनासे झालात की ते आपोआप चालत येतात. कुणी उतावीळ पोराने भलतीच टोळी अंगावर घेतली, तर बोलत बसू नये. आधी ती त्याच्याकडून आपल्याकडे घ्यावी, बोलणे मागून. आमचे रविवार आता दोन-दोन तासांचे होऊ लागले. लढाई संपली की उरलेल्या गप्पा. त्याची नोकरी, त्याच्या घराचे भाडे, त्याची मधली एक आजारपणाची हकीकत, जी त्याने आम्हाला कळवलीच नव्हती. ते सारे मला राक्षसांच्या प्रेतांमध्ये उभे राहून कळले.

मग २०२५ चा जुलै. मुसळधार पाऊस. आम्ही रुबी लाइफ पूल्सच्या शेवटच्या लढाईत. वर ड्रॅगन, खाली तिचा जोडीदार, नि मी ढाल धरून मधे. आणि फट्‌दिशी आमच्या आळीतले दिवे गेले.

अंधारात मी खुर्चीवर तसाच बसलो होतो. हात अजून कळांवर. तिकडे चौघे जण माझ्या भरवशावर उभे, आणि मी एकाएकी पुतळा झालेलो. त्यांना कळणारही नव्हते की मी पळालो की मेलो. मला एकदम सतरा ऑक्टोबर २००९ आठवला.

शनिवार, लक्ष्मीपूजन. चिरंजीव दहावीत. हा खेळ त्याला लंडनच्या मामाने दिला होता, तिकडच्या एका टोळीत तो टँक होता. पूजेची वेळ झाली, पाट मांडले, सौ.ने तीन हाका मारल्या. "दहा मिनिटं, बाबा! ओनिक्झिया आहे! मी गेलो तर सगळे मरतील!" मी आत गेलो आणि भिंतीतली वायर उपटली. नुसती काढली नाही. ती गुंडाळून कपाटात घातली, नि किल्ली खिशात. तो ओरडला नाही की रडला नाही. हातपाय धुऊन पूजेला बसला. त्यानंतर तो खेळला नाही. माझ्याशीही विशेष बोलला नाही. मी मनाशी म्हटले, पोरगा मार्गाला लागला.

दिवे आले चाळीस मिनिटांनी. मी फोन लावला. तो हसतच होता. "चौघंही मेलो, बाबा! तो स्पॅनिश म्हणतोय, तुझ्या वडिलांना विजेचा झटका तर नाही ना बसला?"

मी म्हटले, "त्या दिवशी... लक्ष्मीपूजनाच्या... किती जण होतात?"

तो थांबला. मग म्हणाला, "दहा." आणि थोड्या वेळाने, "मरण्याचं काही नाही, बाबा. खेळात सगळेच मरतात, परत उठतात. पण मला त्यांना सांगता आलं नाही की मी पळालो नाही. दोन आठवड्यांनी मामाकडून त्यांचा निरोप आला, दुसरा टँक मिळाला म्हणून."

फोनवर पावसाचा आवाज येत होता. कचेरीत मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका लाल शाईने दाखवल्या. स्वतःची चूक तोंडाने म्हणण्याची सवय नव्हती. तरी म्हटले, "पूजेला तू यायलाच हवं होतंस. ते मी आजही म्हणेन. पण वायर मी उपटायला नको होती. दहा मिनिटं थांबलो असतो तर लक्ष्मी काही रुसून गेली नसती. चुकलं माझं."

"ठीक आहे, बाबा," तो म्हणाला. मग नाक ओढल्यासारखा आवाज झाला. तिकडे जुलैतही सर्दी होत असावी.

दुसऱ्याच दिवशी मी बाजारात जाऊन इंटरनेटच्या यंत्रासाठी आणि संगणकासाठी बॅटरी घेऊन आलो. बिल पाहून सौ. काही बोलली नाही, यावरून काय ते समजा.

ओनिक्झिया ही काळी ड्रॅगनीण अजून आपल्या गुहेत बसून आहे. एके काळी तिला मारायला चाळीस माणसे लागत. २००९ साली ती दहा किंवा पंचवीस जणांची झाली. आता खेळातली बळे इतकी वाढली आहेत की आमच्यासारखे दोघेही तिला पुरे पडतील. या दिवाळीत, लक्ष्मीपूजन आटोपले, प्रसाद वाटून झाला, की आम्ही दोघे तिच्या गुहेत जायचे ठरवले आहे. टँक कोण, हा प्रश्न मी काढला. तो म्हणाला, "तुम्ही."

मी म्हटले, "नाही. त्या दिवशीची तुझी ढाल अजून तुझ्याकडे आहे ना? मग तू पुढे हो. मी मागे उभा राहतो."

आता पाडव्यापर्यंत मला वैद्यकी शिकायची आहे. सौ. म्हणते, पडदा पुन्हा नव्याने मांडावा लागेल. वैद्याचा मिसळणाचा डबा निराळा असतो.